पूजेतली पक्कड

ती घटना मला आजही आठवते. आणि आठवली, की सगळ्यात आधी आठवतो तो माझा गॉगल. उंब्रजच्या पट्ट्यात हायवेलगतच्या एका ठाण्याचा चार्ज मी नुकताच घेतला होता. वय चाळिशीला टेकलेलं, खांद्यावर तीन तारे, आणि डोक्यात अशी पक्की समजूत, की बाईमाणसाला ठाणं चालवायचं तर आवाज जाड आणि चेहरा आंबट हवा. तो आंबट चेहरा मी क्वार्टरच्या आरशासमोर उभी राहून घोटत असे. परवा माझा त्या वेळचा फोटो बघून नात म्हणाली, "आजी, तुझं पोट दुखत होतं का गं?" तिला काय सांगू? पोट दुखत नव्हतं, बाळा. तो माझा दरारा होता.

दसऱ्याची सकाळ. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ठाण्यात शस्त्रपूजन झालं होतं. आमच्या भागात हा नियम कडक असतो. ज्या हत्यारावर, अवजारावर पोट चालतं ते धुऊन-पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याला सोनं लुटून होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. गाड्यांना हल्ली तेवढी सुट्टी मिळत नाही. पूजा झाली, हार घातला, की दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावर. आमच्या रायफलींचंही तेच, बंदोबस्त कुणाला चुकलाय? पण हवालदारांनी माझ्या छडीलासुद्धा कुंकू लावलं होतं आणि ते माझ्या हाताला लागून, हातावरून गालाला लागून, मी अर्धा दिवस तशीच हिंडले होते. कुणी सांगितलं नाही. दरारा ना!

तर दसऱ्याच्या सकाळी वर्दी आली. हायवेच्या सर्व्हिस रोडला वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन प्रवासी नेणारी, जीप पेटली. देवीला निघालेली माणसं गच्च भरलेली. चालक फौजेतून पेन्शनीत आलेला, गावात त्याला फौजीच म्हणत. बॉनेटमधून धूर दिसताच त्यानं गाडी बाजूला घेतली, माणसं मागच्या दारातून उतरवली, आणि पुढच्या बाकावर अडकलेल्या एका म्हातारीला ओढून काढताना त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. म्हातारी वाचली. शेजारच्या उसाला पाणी चालू होतं, त्या पाटाचं पाणी मारून लोकांनी आग विझवली. फौजीला आधी कराडला आणि तिथून मिरजेच्या दवाखान्यात हलवलं. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली: जुनी गाडी, शॉर्टसर्किट, अपघाती आग. तिथंच हे प्रकरण मिटायचं.

दुपारी ठाण्यातला फोन वाजला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "गाडी जळाली न्हाई सायेब, जाळलीया. फौजीच्या धाकट्या भावाला इचारा. आन् फौजीच्या बायकूला बी इचारा. नवमीला नवरा सातारला गेला, तवा दीर मागच्या दारानं कशापायी आल्ता?" आणि फोन ठेवला.

खरं सांगते, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. चोऱ्यामाऱ्या आणि उसाच्या ट्रॉल्यांचे अपघात यांतून एकदाचा एक 'गुन्हा' हाती आला होता. उद्याच्या पेपरातला मथळासुद्धा मी मनातल्या मनात लिहून टाकला. फोटोसाठी युनिफॉर्मला कडक इस्त्री करायला सांगितली.

धाकटा भाऊ गावातच राहायचा. वायरमन, गाड्यांच्या वायरिंगचंच काम करायचा. वाटण्यांवरून दोघा भावांचं बोलणं बंद झालेलं होतं. वाटणीत दोघांना एकेक जीप आली होती, एकाच कंपनीची, एकाच घाटाची. पण फौजीची काही वर्षं जुनी आणि धाकट्याची नंतरच्या सालातली. गावात त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणत. थोरली वडापला, धाकटी बहुतेक शेडमध्येच उभी.

आम्ही पंच घेऊन शेडची झडती घेतली. धाकटीचं बॉनेट उघडलं तर आत वायरीच नाहीत. गाडीभर फिरणाऱ्या सगळ्या वायरी एका जुडीत बांधलेल्या असतात, गॅरेजवाले तिला हार्नेस म्हणतात. ती अख्खी जुडी गायब! आणि कोपऱ्यातल्या पोत्यात दुसरी जुडी सापडली, जुनी, कडक झालेली, उंदरांनी कुरतडलेली. थोरलीतली. म्हणजे धाकटीचं वायरिंग थोरलीत गेलं होतं आणि थोरलीचं इथं पोत्यात होतं. धाकट्याला मी विचारलं, "हे कुणी केलं?" तो म्हणाला, "मी." एवढंच.

जळालेली गाडी तपासायला मोटार वाहन निरीक्षक आले. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. एकाच सालाच्या दोन गाड्या असत्या तर वायरिंग नुसतं उपसून टोकं खटाखट बसली असती. पण सालं वेगळी. थोरलीत इंजिनातून येणारी चार्जिंगची जाड वायर आधी डॅशबोर्डमधल्या मीटरला जाते आणि मग बॅटरीला. धाकटीला तो मीटरच नाही, वायर थेट बॅटरीला. म्हणून वायर मध्ये तोडून जोड मारावे लागले. आणि ते जोड नुसते पीळ देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळून सोडलेले. डाग दिलेला नाही, म्हणजे कथील वितळवून जोड पक्का केलेला नाही. सैल जोडातून एवढा करंट गेला की तो तापतो, तापला की पेटतो.

मग त्यांनी शेडमधली इतर कामं बघितली आणि म्हणाले, "मॅडम, या माणसाचा एकेक जोड बघा. डाग असा दिलाय की दागिना वाटावा. असा कारागीर चार्जिंगच्या वायरीला सैल जोड मारतो, तो चुकून?"

मला आणखी काय हवं होतं! खुनाचा प्रयत्न म्हणून गुन्हा दाखल केला, धाकट्याला अटक केली. शेजारपाजारचे जबाब घेतले, त्यात आणखी एक गोष्ट आली. दसऱ्याच्या सकाळी फौजीच्या घरात किल्लीवरून भांडण झालं होतं. बायकोनं गाडीची किल्ली लपवली होती. "आज गाडी काढू नगा" म्हणत होती, कारण मात्र सांगत नव्हती. फौजीनं धान्याच्या डब्यातून किल्ली शोधून काढली आणि गेला. म्हणजे बाईला माहीत होतं! दीर, भावजय, वाटणी, आग. मथळा आणखी मोठ्या टायपात दिसू लागला.

एक गोष्ट मात्र गंमतीची नव्हती. मिरजेहून रोज खबर यायची, ती वाईट यायची. जखमेत संसर्ग झाला होता, ताप उतरत नव्हता. फौजी गेला असता तर कलम बदललं असतं. मग धाकटा खुनी, भावजय कटातली, आणि घरात उरली असती ती दोघा भावांची ऐकू न येणारी आई.

धाकट्याची पोलीस कोठडी संपत आली होती. तो समोर बसायचा, मान खाली.

"वायरिंग कधी बदललंस?"

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी घासायचा.

"का बदललंस?"

"केलं मी. लिवा."

"भाऊ मरावा म्हणून?"

"तुमाला जे लिवायचं ते लिवा, मॅडम. सही करतो."

"भावजय सामील होती?"

तेवढ्यापुरती मान वर यायची. "वैनीचं नाव काढू नगा. त्यांना काय बी ठावं न्हाई."

बाहेर आल्यावर हवालदार म्हणाले, "मॅडम, सहीची एवढी घाई करणारा आरोपी माझ्या नोकरीत पैलाच. ह्यो स्वतःला वाचवत न्हाई, दुसऱ्याला झाकतोय." मी गॉगल लावला (आम्ही व्हरांड्यात होतो, सावलीत!) आणि म्हणाले, "हवालदार, तुम्ही चहाचं बघा." ते निमूटपणे चहाचं बघायला गेले. चहात त्यांनी त्या दिवशी मुद्दाम साखर घातली नव्हती, हे मला निवृत्तीच्या दिवशी कळलं.

इंजिनाकडचा जोड जळून गेला होता. पण मीटरमागचा दुसरा जोड पाणी वेळेवर पडल्यानं शाबूत होता. तो मुद्देमालात होता आणि प्रयोगशाळेला पाठवायचा होता. पंचांसमोर निरीक्षकांनी त्याची चिकटपट्टी हळूच सोडवली. आतल्या गोंदाला लाल काहीतरी चिकटलेलं.

"रक्त!" मी ओरडले.

हवालदारांनी वाकून वास घेतला. "कुंकू हाय, मॅडम."

पंचांपैकी एकाला खोकला आला. तो खोकला नव्हता.

पण कुंकू म्हटल्यावर माझं डोकं चाललं. पट्टीच्या आत कुंकू, म्हणजे जोड मारताना ते लागलं. म्हणजे जोड खंडेनवमीचा. म्हणजे यानं पूजेत मांडलेली पक्कड उचलून हे काम केलं! आता याला असं हिणवायचं की सगळं ओकेल. मी तरातरा आत गेले.

"लाज नाही वाटली? पाटावरची पक्कड उचललीस? ज्या हत्याराला हळदकुंकू वाहिलं, त्याच हत्यारानं सख्ख्या भावाची गाडी कापलीस?"

इतके दिवस खाली असलेली मान ताड्‌कन वर आली. तो उठूनच उभा राहिला. दारातला शिपाई पुढे झाला.

"मॅडम, चोर म्हना, खुनी म्हना, ऐकून घेतलं. पूजेतल्या हत्याराला हात लावला म्हनाल तर न्हाई ऐकायचो! वायर दातानं सोललीया मी. पीळ बोटांनी दिलाय. स्क्रू नाण्यानं फिरवल्यात. माझी पक्कड, माझी डागाची गन पाटावर व्हती, आन् सोनं लुटून झाल्यावर उचलायची म्हनून पाटावरच ऱ्हायली!"

आणि मग आपण काय बोलून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं. तो खाली बसला.

अटकेच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या ओठाला आतून कापलेलं आढळलं होतं. मी तेव्हा म्हटलं होतं, दारू पिऊन कुठं तोंड आपटलं असेल. तार सोलताना ओठ फाटला होता. मी निरीक्षकांना पुन्हा विचारलं. वायरीचं वेष्टण पकडीनं सरळ कापलेलं नव्हतं, चावून तोडल्यासारखं होतं. स्क्रूंच्या खाचांवर रुंद ओरखडे होते. सगळं जागच्या जागी होतं. आम्हीच ते उलटं धरून वाचत होतो.

ज्या सैल जोडाला मी कट म्हणत होते, तो पूजेचा पाळलेला नेम होता. त्या दिवशी त्याच्या हातात हत्यार नव्हतं, म्हणून जोड सैल.

"मग कुंकू कुणाच्या बोटाचं?" मी हळू विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. "ते इचारू नगा, मॅडम. हात जोडतो."

मी मिरजेला गेले. गॉगल गाडीतच ठेवला. फौजीची बायको वॉर्डाबाहेर जमिनीवर बसली होती, पदर डोक्यावरून घट्ट ओढून. मी शेजारी बसले. युनिफॉर्मची इस्त्री मोडली. मोडू दे म्हटलं.

"नवमीला गाडीची पूजा कुणी केली, बाई?"

"मी केली. दरसालाला मीच करते."

"आणि पूजा केलेल्या त्याच हातांनी वायर धरलीत."

तिनं आपल्या बोटांकडे बघितलं. जसं काही कुंकू अजून तिथं आहे. मग तिला रडू फुटलं.

"आवं मॅडम, दसरा झाला की गाडीचं पासिंग व्हतं. वायरी समद्या सडल्या व्हत्या. पासिंग न्हाई झालं तर वडाप बंद, मग घर कशावर चालायचं? तसली जुनी वायरिंग आता कुटं मिळत न्हाई. आन् ह्यांना सांगितलं की भावजींकडनं करून घ्या, तर म्हणायचे, मरंन पर त्याच्या दारात जायाचा न्हाई. म्हनून मीच निरोप धाडला. ह्ये कवा गाडीला सोडत न्हाईत, नवमीला तेवढं माजी सैनिकांच्या शस्त्रपूजनाला सातारला यष्टीनं जातात. भावजींनी आपल्या गाडीची चांगली वायरिंग काढून आणली. एका शब्दानं पैकं इचारलं न्हाई. म्हणाले, वैनी, आज जोड कच्चा हाय. उद्या गाडी हलू देऊ नगा. सोनं लुटून झालं, दादा सोनं वाटाय गावात गेला की गन घिऊन येतो आन् पक्कं करतो."

"हे नवऱ्याला का नाही सांगितलंत? सकाळी किल्ली लपवताना तरी?"

"सांगितलं असतं तर त्यांनी वायरिंग तोडून फेकली असती. वाटलं, संध्याकाळपतूर कसंबसं धरून ठिवीन." ती थांबली. "आन् मग आग लागल्यावर लोक काय काय बोलाय लागलं. भावजी म्हणाले, वैनी, तुमी तोंड उघडू नगा. नवरा घरात नसताना दीर घरी आला, येवढंच लोक ऐकतील. मी जातो जेलात."

"नवमीला वायरिंग बदलताना घरात आणखी कोण होतं?"

"सासूबाई की! समूरच बसल्या व्हत्या जोत्यावर, समदं बघत."

सासूबाईंचा जबाब आम्ही घेतला नव्हता. कारण त्यांना ऐकू येत नाही. बघायला कान लागतात, असं मला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी महिला शिपाई त्यांच्याकडे गेली. त्यांनी बोटांनी, दातांनी, नाण्यानं, सगळं करून दाखवलं. दातानं वायर सोलायची नक्कल करताना त्यांची कवळी निसटली, पण जबाब पुरा झाला. फोन करणाराही सापडला. वडापच्या नंबरात फौजीच्या मागं उभा राहणारा गाडीवाला. त्यानं मागचं दार तेवढं बघितलं होतं, बाकीचं मनानं भरलं होतं. माझ्यासारखंच.

मी न्यायालयात अहवाल दिला, धाकटा सुटला. फौजीचा ताप त्याच आठवड्यात उतरला. हात वाचले, बोटं मात्र आखडली ती आखडलीच. धाकटा सुटल्यावर घरी जायला तयार नव्हता, म्हणून त्याला ठाण्याच्या गाडीत घालून मीच मिरजेला घेऊन गेले. आत जाऊन आधी फौजीला सगळं सांगितलं. तो छताकडं बघत ऐकत होता, दोन्ही हात बँडेजात. शेवटी म्हणाला, "कुटं हाय त्यो?"

धाकटा दारात उभा राहिला. आत येईना.

"डाग का न्हाई दिलास रं?" फौजीनं विचारलं. इतक्या वर्षांनी भावाशी बोललेलं पहिलं वाक्य.

"गन पाटावर व्हती."

"आन् पक्कड?"

"ती बी."

"आरं गाढवा, माणसं भाजून मेली असती. एक डाव उचलायची व्हतीस की! देवी काय मारत व्हती व्हय?"

"देवी न्हाई," धाकटा म्हणाला. "तू मारलं व्हतंस."

मला काही कळेना. बायकोनं सांगितलं. धाकटा लहान असताना एका नवमीला त्यानं पूजेतला विळा उचलून ऊस तोडून खाल्ला होता. तेव्हा थोरल्यानं कानाखाली अशी ओढली होती, की पोर दिवसभर घुम्यासारखं बसलं होतं. पूजेतलं हत्यार परत उचललंस तर बघ, म्हणाला होता. मग थोरला फौजेत गेला आणि विसरला. धाकटा विसरला नाही.

फौजी हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. पुसायला हात मोकळे नव्हते. "हात बांधल्यात म्हनून," तो म्हणाला, "न्हाईतर आज आनी एक दिली असती."

धाकटा आत आला, खाटेपाशी खाली वाकला आणि त्यानं गाल पुढं केला. "दे की."

फौजीनं बँडेजातला हात कसाबसा उचलून त्याच्या गालाला टेकवला. तो किती तरी वेळ तिथंच राहिला. मी बाहेर आले. माझा आंबट चेहरा त्या दिवशी काही केल्या जमेना.

पुढे नोकरीत मी अनेक तपास केले. एक सवय मात्र त्या दिवसापासून लागली. चांगल्या कारागिराच्या हातून काम कच्चं राहिलेलं दिसलं, की त्याच्या मनात काय होतं हे मी नंतर विचारायची. आधी विचारायची, त्या दिवशी त्याचे हात कशानं बांधले होते? आरोपी गप्प असला, की तो काय लपवतो याआधी बघायची, तो कुणाला लपवतो. आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांचे जबाब मी सगळ्यात आधी घ्यायची.

दर खंडेनवमीला घरात पूजा मांडते. मुलाचा लॅपटॉप, सुनेचं शिलाई मशीन, नातीची कंपासपेटी. आणि पाटाच्या कडेला माझा तो गॉगल. नात विचारते, "आजी, तुझं याच्यावर पोट चालायचं?" मी म्हणते, "तसं वाटायचं खरं." दसऱ्याला सोनं लुटून झालं, की सगळे आपापलं हत्यार उचलतात. मी गॉगल तेवढा उचलत नाही. डोळ्यावर तर नाहीच.